डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा



व्यापाऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला हिशेबातील फरक सोसवत नाही. दुकान वाढवण्यापूर्वी रोजमेळ जमवताना शिल्लक अकरा रुपयांनी कमी भरली, तर आमचे वडील तो फरक सापडेपर्यंत गादीवरून उठत नसत. अकरा रुपयांनी आमचे काही अडत नव्हते. परंतु आज अकरा रुपये कोठे गेले हे ज्याला कळत नाही, त्याला उद्या अकरा हजार कोठे गेले हेही कळणार नाही, असे ते म्हणत. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी हीच शिस्त असेल. रोजमेळाच्या बाबतीत इतके दक्ष असणारे आपण गाडीत बसलो की मात्र निराळेच होतो. समोर इंजिनच्या आकृतीचा पिवळा दिवा पेटलेला असतो आणि "तो सेन्सरचा असतो, तसाच लागतो" असे म्हणून आपण महिनोन्‌महिने गाडी हाकत राहतो.

हे मी इतरांना नावे ठेवण्यासाठी लिहीत नाही. वीस दिवस तो दिवा माझ्याच डोळ्यांसमोर पेटलेला होता. त्याचे पुढे काय झाले आणि त्यातून काय शिकलो, ते या महिन्याच्या लेखात सांगावे असे वाटले. कारण दहा-बारा वर्षांची, घरच्यासारखी झालेली एखादी गाडी आज आपल्या पुष्कळ घरांत आहे.

आमची गाडी २०१४ सालची, चार सिलिंडरची, पेट्रोलवर चालणारी. कार्तिकाच्या अष्टाह्निकेत आईला कुंथलगिरीला न्यावयाचे होते. देशभूषण-कुलभूषण मुनींचे ते सिद्धक्षेत्र आणि १९५५ साली आचार्य शांतिसागर महाराजांनी जेथे सल्लेखना घेतली ती भूमी. आईला वर्षातून एकदा तरी तेथे जावेसे वाटते. दर्शन, पूजा सर्व यथासांग झाले. परतीला थोडा उशीर झाला. आईचा रात्रिभोजनाचा त्याग आहे आणि सूर्यास्तानंतर ती पाणीही घेत नाही. कार्तिकातला दिवस लहान. सूर्य सहाच्या आत मावळतो. त्याआधी बार्शीला घरी पोहोचायचे, या घाईने मी गाडी पळवत होतो.

वाटेतल्या एका चढावर गाडी मिसिंग मारू लागली. पिकअप घेईना, सगळी गाडी थरथरू लागली, आणि वीस दिवस शांतपणे पेटलेला तो पिवळा दिवा एकाएकी मिणमिणू लागला. लागे, विझे, पुन्हा लागे. माझा पाय तरीही ॲक्सिलरेटरवरच होता. शेजारी बसलेला मुलगा म्हणाला, "बाबा, थांबवा. दिवा असा लुकलुकायला लागला की गाडी चालवायची नसते." मी म्हणालो, "आजीचं जेवण चुकेल." तेव्हा मागून आई म्हणाली, "माझं एक वेळचं जेवण चुकलं तर उपवास घडला म्हणेन मी. तू गाडी बाजूला घे."

गाडी बाजूला घेतली. बार्शीहून भाच्याला बोलावले. त्याच्या गाडीतून आई घरी पोहोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. ती काही न घेता सामायिकाला बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला एवढेच विचारले, "तो दिवा वीस दिवस तुला दिसत होता ना?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

आता मुख्य विषयाकडे वळतो. डॅशबोर्डवरील दिव्यांची भाषा पहिल्यांदा रंगावरून ओळखावी. हिरवा किंवा निळा दिवा केवळ माहिती देतो. अमुक चालू आहे, एवढेच तो सांगतो. पिवळा किंवा नारिंगी दिवा सांगतो की कोठेतरी दोष आहे, लवकर तपासा. लाल दिवा सांगतो, आत्ताच थांबा. इतके जरी घरातील प्रत्येक चालकाने मनात ठेवले, तरी निम्मी हानी टळेल.

लाल दिव्यांत सर्वांत गंभीर दिवा ऑइलच्या किटलीचा. पुष्कळांचा समज असा, की ऑइल थोडे कमी झाले की हा दिवा लागतो आणि घरी जाऊन ऑइल टाकले की काम भागते. हा दिवा ऑइलची पातळी दाखवत नाही. तो ऑइलचा दाब दाखवतो. इंजिनमधील फिरणारे लोखंडी भाग एकमेकांना घासू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये ऑइलचा पातळ थर दाबाने खेळवलेला असतो. तो दाब गेला की धातूवर धातू घासतो आणि थोड्याच वेळात इंजिन जाम होऊ शकते. म्हणून हा दिवा चालत्या गाडीत लागला, तर सुरक्षित जागी थांबून ताबडतोब इंजिन बंद करावे. सपाट जागेवर काही मिनिटे वाट पाहावी, डिपस्टिक काढून पुसावी, पुन्हा घालून पातळी पाहावी. पातळी कमी असेल तर योग्य प्रतीचे ऑइल घालून दिवा जातो का ते पाहावे. पातळी बरोबर असूनही दिवा जात नसेल, तर गाडी टो करूनच न्यावी. जुन्या गाडीत इंजिन तापल्यावर आणि गाडी उभी असताना हा दिवा क्षणभर मिणमिणत असेल, तर तीही पूर्वसूचना समजावी.

दुसरा लाल दिवा किंवा काटा तापमानाचा. इंजिन तापू लागले तर एसी बंद करून हीटर पूर्ण सोडावा. इंजिनची काही उष्णता त्या वाटेने बाहेर पडते. काटा तरीही खाली येत नसेल तर थांबून इंजिन बंद करावे. रेडिएटरचे झाकण गरम असताना कधीही उघडू नये. आतील पाणी दाबाखाली असल्यामुळे शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळलेले नसते; झाकण सैल होताच त्याची वाफ होऊन ते अंगावर उसळते आणि तोंड-हात भाजतात. तापलेल्या इंजिनवर थंड पाणी ओतणेही घातक, कारण एकदम थंड झालेला धातू तडकू शकतो. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कूलंट पूर्ण वाहून गेले असेल, तर सेन्सरला पाणीच लागत नाही आणि काटा उलट खाली आलेला दिसू शकतो. वाफ दिसत असून काटा खाली असेल, तर काट्यावर विश्वास ठेवू नये.

तिसरा दिवा बॅटरीचा. तो लागला म्हणजे बॅटरी खराब झाली असे नव्हे. बहुधा अल्टरनेटर बॅटरीला चार्ज करत नसतो. साधा मीटर लावून हे घरीही पाहता येते. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीचा दाब साडेबारा व्होल्टच्या किंचित वर असतो. इंजिन चालू केल्यावर तो सर्वसाधारणपणे पावणेचौदा ते साडेचौदाच्या दरम्यान जावयास हवा. तो वर जात नसेल तर दोष अल्टरनेटरचा, त्याच्या पट्ट्याचा किंवा तारेचा. काही गाड्यांत तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो. पट्टा तुटला की बॅटरीच्या दिव्यामागोमाग इंजिनही तापू लागते. ब्रेकचा लाल दिवा हँडब्रेक सोडूनही जात नसेल, तर ब्रेकचे तेल कमी झालेले असू शकते. ते पॅड झिजल्यामुळे उतरले की कोठे गळती आहे, हे तपासल्याविना केवळ तेल भरून पुढे जाऊ नये.

आता आमच्या पिवळ्या दिव्याकडे येऊ. हा दिवा इंजिन चालवणाऱ्या संगणकाच्या आज्ञेने लागतो. भारतात मोटारींमध्ये अशी स्वतःची तपासणी करणारी यंत्रणा २०१० पासून टप्प्याटप्प्याने आली आणि २०१३ पासून तिचे अधिक पूर्ण रूप बंधनकारक झाले. त्यामुळे त्यानंतरच्या गाड्यांत स्टिअरिंगच्या खालच्या बाजूस सोळा पिनांचे एक सॉकेट असते. त्याला स्कॅनर जोडला की संगणकाने नोंदवलेला कोड वाचता येतो. मोबाइलवर चालणारी छोटी यंत्रेही बाजारात मिळतात.

दिवा स्थिर पेटलेला असेल आणि गाडी नेहमीसारखी चालत असेल, तर चार-दोन दिवसांत तपासणी करावी. परंतु तो लुकलुकत असेल, तर एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल जळतच नाही, असे तो सांगत असतो. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते. तेथील उष्णता इतकी वाढते की आतील जाळी वितळून जाते. काही हजारांच्या दुरुस्तीचे काम मग कित्येक पटींनी महाग होते. पाय काढून वेग आणि भार कमी केल्यावर लुकलुकणे थांबले, तर हळूहळू जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येते. न थांबल्यास तेथेच थांबावे. त्या संध्याकाळी आईने थांबवले नसते, तर घरी पोहोचण्याच्या घाईत ते कन्व्हर्टर मी स्वतःच्या हाताने जाळले असते.

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजमध्ये गाडी नेली. तेथील माणसाने स्कॅनर लावला आणि पाच मिनिटांत सांगितले, "कन्व्हर्टर गेलाय, इंजेक्टर पण बदलावे लागतील. पस्तीस-चाळीस हजार धरून चाला." कोणता कोड आला, असे विचारले तर त्याने यंत्र मिटवले. मी गाडी परत आणली आणि ओळखीच्या एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी आधी माझे बोलणे ऐकून घेतले. दिवा कधी लागला, इंजिन थंड असताना त्रास अधिक की गरम असताना, चढावर की सपाटीवर, पेट्रोल कोठे भरले, अलीकडे कोणते काम केले, असे सर्व विचारले. मग कोड वाचून मला दाखवला: पी ०३०२. याचा अर्थ दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर.

येथे एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. कोड हा निदान नसतो. तो तक्रार असतो. दुसऱ्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाही, एवढे संगणकाला कळले. ते प्लगमुळे, कॉइलमुळे, इंजेक्टरमुळे की दाब कमी झाल्यामुळे, हे त्याला कळत नाही. इतर कोडांचेही असेच आहे. पी ०१७१ सांगतो की मिश्रणात पेट्रोलच्या मानाने हवा अधिक आहे. कारण मात्र तडकलेली रबरी नळी, मळलेला सेन्सर किंवा दुबळा झालेला पेट्रोलचा पंप, यांपैकी कोणतेही असू शकते. पी ०४२० सांगतो की कन्व्हर्टरची कार्यक्षमता कमी दिसते. ती सायलेन्सरच्या गळतीमुळे किंवा सेन्सरच्या दोषामुळेही तशी दिसू शकते. पी ०१२८ सांगतो की इंजिन अपेक्षेइतके लवकर गरम होत नाही, आणि तेथे बहुधा उघडाच राहिलेला थर्मोस्टॅट सापडतो. कोडात ज्या भागाचे नाव तो भाग बदलत गेलो, तर प्रत्येक बदलाला पैसे जातात आणि दिवा पुन्हा लागतो.

मिस्त्रींनी एक रुपयाही खर्च न करता पुढची पायरी गाठली. आमच्या गाडीत प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल आहे. त्यांनी दुसऱ्या सिलिंडरची कॉइल चौथ्यावर आणि चौथ्याची दुसऱ्यावर बसवली, कोड पुसला आणि गाडी चालवून आणली. आता कोड आला पी ०३०४. कॉइलबरोबर दोषही चौथ्या सिलिंडरवर गेला. म्हणजे कॉइलच गेलेली. कोड दुसऱ्याच सिलिंडरवर राहिला असता, तर कॉइल निर्दोष ठरून प्लग, मग इंजेक्टर, मग दाब असा शोध पुढे गेला असता. खतावणीतील चूक शोधताना आपणही एकेक बाजू अशीच वेगळी काढत नाही का?

मी म्हणालो, "मग नवी कॉइल टाकून द्या." ते म्हणाले, "शेठ, कॉइल का गेली ते बघितलं नाही तर सहा महिन्यांनी पुन्हा याल." त्यांनी दुसऱ्या सिलिंडरच्या प्लगच्या नळीत बॅटरीचा उजेड टाकून मला पाहावयास सांगितले. तळाशी ऑइल साचले होते. वरच्या टॅपेट कव्हरचे गॅस्केट दहा वर्षांच्या उष्णतेने कडक होऊन त्यातून ऑइल झिरपत होते. त्या ऑइलने कॉइलचे रबर फुगून ठिणगी गळत होती. दिव्यामागे मिसफायर, मिसफायरमागे कॉइल आणि कॉइलमागे ते गॅस्केट, असा हा सगळा प्रकार होता. गॅस्केट, एक कॉइल, चारही प्लग आणि मजुरी मिळून पाच हजारांच्या आसपास खर्च आला. दिवा त्यानंतर पुन्हा लागलेला नाही.

गॅरेजवाला जाणूनबुजून खोटे बोलला, असे मी म्हणणार नाही. त्याने अंदाज केला आणि मला कारण सांगितले नाही. गिऱ्हाईक म्हणून आपलेही एक कर्तव्य आहे. कोड लिहून मागावा. कोणती चाचणी करून अमुक भाग खराब ठरवला, हे नम्रपणे विचारावे. काढलेला जुना भाग परत मागावा. जो कारागीर चाचणी करून बोलतो, त्याला हे प्रश्न आवडतात.

यंत्राशिवायही पुष्कळ गोष्टी आपले डोळे, नाक आणि कान सांगतात. निळसर धूर निघत असेल तर इंजिन ऑइल जाळत आहे. काळा धूर म्हणजे पेट्रोल गरजेपेक्षा अधिक जात आहे. थंडीत सकाळी क्षणभर दिसणारी पांढरी वाफ नेहमीची असते. परंतु गाडी तापल्यावरही दाट पांढरा धूर राहत असेल आणि त्याला गोडसर वास येत असेल, तर कूलंट आत जळत आहे. अशा वेळी ऑइलचे झाकण उघडून पाहावे. ऑइल कालवलेल्या ताकासारखे दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे. केवळ झाकणाच्या आतल्या बाजूस थोडा पांढरट थर असेल, तर तो रोजच्या अगदी छोट्या फेऱ्यांमुळेही जमतो. म्हणून डिपस्टिकवरील ऑइलही पाहावे आणि मगच घाबरावे. गाडी रात्रभर उभी असलेल्या जागी जुना पुठ्ठा अंथरून ठेवला, तर काय गळते आणि कोठून गळते, हे सकाळी आपोआप कळते.

धान्याच्या व्यापाऱ्यांसाठी एक विशेष सूचना. आपल्या गाड्या मार्केट यार्डात, गोदामाच्या दाराशी उभ्या असतात. डिकीत नमुन्याच्या पुड्या, सीटखाली सांडलेली तूर, हरभरा. त्या वासाने उंदीर येतात आणि इंजिनच्या उबेत शिरून तारा कुरतडतात. एका सेन्सरची तार तुटली तरी पिवळा दिवा लागतो. काही जण याला विषाची गोळी हा उपाय सुचवतात. तो आपल्याला करावयाचा नाही आणि त्याची गरजही नाही. धान्य गाडीत राहू देऊ नये, गाडी आतून नियमित झाडून घ्यावी, बारीक छिद्रांची लोखंडी जाळी खालून बसवून घ्यावी, गाडी एकाच जागी आठ-आठ दिवस उभी ठेवू नये. सकाळी सेल मारण्यापूर्वी बॉनेटवर दोनदा थाप मारावी आणि खाली वाकून पाहावे. थंडीच्या दिवसांत मांजरीची पिले इंजिनच्या उबेला येऊन झोपतात. पाऊल टाकण्यापूर्वी भूमी पाहावी, हे ज्यांना ईर्यासमितीच्या नावाने लहानपणापासून ऐकावयास मिळाले, त्यांनी किल्ली फिरवण्यापूर्वी एवढे पाहण्यात काय कष्ट?

आता शेवटची आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. गाडी मिस्त्रींकडे नेण्याच्या आदल्या संध्याकाळी एक जवळचे नातेवाईक घरी आले होते. चाळीस हजारांचा आकडा ऐकून ते म्हणाले, "दहा वर्षांच्या गाडीवर एवढा खर्च कशाला? कोड पुसून घ्या. दिवा विझेल. तो पुन्हा लागायच्या आत गिऱ्हाईक आणून गाडी देऊन टाका. फार तर दिव्याचा बल्बच काढून ठेवा." त्यांच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. बाजारात असे चालते, इतकेच त्यांना सांगावयाचे होते. आणि खोटे कशाला बोलू, क्षणभर माझ्याही मनात आकडेमोड सुरू झाली.

आई आतून म्हणाली, "तुरीच्या पोत्यात खडे घालून वरून चांगला माल दाखवणाऱ्याला तुझे वडील काय म्हणायचे?" पुढे काही बोलण्याची गरज नव्हती. अचौर्याणुव्रताच्या पाच अतिचारांत हीनाधिक मानोन्मान, म्हणजे खोटी मापे, आणि प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे चांगल्याच्या रूपाने हिणकस माल देणे, हे दोन आपण व्यापाऱ्यांनी पाठच केलेले असतात. विझवलेल्या दिव्याची गाडी हा प्रतिरूपक व्यवहार नव्हे तर काय? शिवाय येथे मालाची फसवणूक एवढ्यावरच भागत नाही. ती गाडी घेणारा कोणीतरी गृहस्थ बायकामुलांना बसवून रात्री घाटातून जाणार असतो. ऑइलचा किंवा ब्रेकचा दिवा आपण लपवला असेल, तर त्याच्या जिवाला होणाऱ्या अपायात आपलाही वाटा असतो.

जुनी गाडी विकत घेणाऱ्या वाचकांनीही म्हणून दोन गोष्टी पाहाव्यात. किल्ली पहिल्या टप्प्यापुढे फिरवावी, पण इंजिन सुरू करू नये. त्या क्षणी ऑइल, बॅटरी, इंजिन, एबीएस, एअरबॅग असे सर्व इशारे देणारे दिवे एकदा लागलेच पाहिजेत. ते दिवे शाबूत आहेत, याची ती साक्ष असते. मग इंजिन सुरू केल्यावर ते एकेक करून विझले पाहिजेत. एखादा दिवा मुळात लागलाच नाही, तर तो बल्ब गेलेला किंवा काढलेला आहे. दुसरे, स्कॅनर लावून केवळ कोड पाहू नये. संगणकाच्या निरनिराळ्या स्व-चाचण्या पूर्ण झाल्या आहेत की नाहीत, हेही यंत्र दाखवते. कोड पुसला की त्या चाचण्या पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात आणि पूर्ण होण्यास काही दिवसांचे चालवणे लागते. कोड एकही नाही, पण बऱ्याच चाचण्या अपूर्ण, असे दिसले तर अलीकडेच कोड पुसला गेला आहे किंवा बॅटरी काढली गेली होती, असे समजावे आणि कारण विचारावे.

आमची गाडी आम्ही विकली नाही. उद्या विकण्याची वेळ आलीच, तर देण्यासाठी एक वही तयार आहे. प्रत्येक दुरुस्तीची तारीख, किलोमीटर, आलेला कोड, बदललेला भाग आणि खर्च तीत लिहिलेला असतो. टॅपेट कव्हरच्या गॅस्केटची नोंदही आहे. ती वाचून गिऱ्हाईकाने पाच हजार कमी सांगितले, तर ते आम्हाला चालतील.

प्रतिक्रमणाला बसल्यावर आपण दिवसभराचे दोष एकेक करून आठवतो. ते दोष घडलेलेच असतात; आठवल्याने वाढत नाहीत. उलट न आठवता राहिलेला दोष आत साचत जातो. त्या वीस दिवसांत माझ्या गाडीत जे ऑइल साचत होते, ते मला दिसत नव्हते, पण दिवा मात्र दिसत होता. आपल्या घरातील गाडीचा असा एखादा दिवा पेटलेला असेल, तर हा अंक बाजूला ठेवून उद्याच त्याचा कोड वाचून घ्यावा, एवढीच विनंती.